हिरव्या बनातीचे दार

इंग्लंडमधल्या उमरावी हवेल्यांत मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामध्ये एक दार असे. त्याला हिरवी बनात ठोकलेली असे. स्वयंपाकघरातला खडखडाट आणि वास दिवाणखान्यापर्यंत पोचू नये, एवढेच तिचे काम. दाराच्या एका बाजूला गालिचा, दुसऱ्या बाजूला उघडी फरशी आणि नोकरांसाठीचा अरुंद जिना. मालकीण उठण्याआधी शेगडी पेटलेली हवी, पण पेटवणारी दिसता कामा नये, अशी त्या घरांची रचनाच होती.

ससेक्समधल्या अपपार्क हवेलीत स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत होते आणि जेवण भुयारातून मुख्य घरात येई. तिथल्या सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी १८२५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच दुभत्याच्या कोठीत काम करणाऱ्या मुलीशी लग्न केले. भुयार मात्र वापरात राहिले. पुढे १८८० मध्ये सारा वेल्स ही बाई तिथे हाउसकीपर म्हणून रुजू झाली. तिचा मुलगा एच. जी. वेल्स. त्याच्या ‘टोनो-बंगे’ (१९०९) या कादंबरीतला निवेदक हाउसकीपरचाच मुलगा आहे आणि तिच्यातली ब्लेड्सओव्हर हवेली अपपार्कवरून बेतलेली आहे. एका घरातली उतरंड समजली की सारे इंग्लंड समजते, असे त्या निवेदकाला वाटते.

ही उतरंड दारापाशी थांबत नसे. नोकरांतही वरचे आणि खालचे होते, आणि शिष्टाचाराच्या बाबतीत ते मालकांपेक्षाही कडक असत. वर बटलर, हाउसकीपर, मालकाचा व्हॅलेट आणि मालकिणीची खास दासी. खाली फुटमन, हाउसमेड, किचनमेड. आणि तळाला भांडी घासणारी स्कलरी मेड. मोठ्या घरांत वरचे नोकर सर्वांबरोबर मटण खाऊन उठत आणि गोडासाठी हाउसकीपरच्या खोलीत जात. हाउसकीपर अविवाहित असली तरी तिला ‘मिसेस’ म्हणायचे. नव्या फुटमनचे नाव काहीही असो, कित्येक घरांत त्याला जेम्स किंवा जॉन म्हणूनच हाक मारली जाई. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात बटलरचा वार्षिक पगार २५ ते ५० पौंड आणि स्कलरी मेडचा ५ ते ९ पौंड दिला आहे.

गंमत अशी की वरचा मजला दगडात टिकला, खालचा बहुतेक ठिकाणी पुसला गेला. ‘डाउन्टन ॲबी’ (२०१०–१५) या मालिकेतले दिवाणखाने खऱ्याखुऱ्या हायक्लियर कॅसलमधले आहेत. स्वयंपाकघर आणि नोकरांची जेवणखोली मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारलेली. स्वयंपाकघरातून निघालेला ट्रे वरच्या मजल्यावर पोचतो तो दुसऱ्याच गावात. दाराअलीकडचे जग कथाकारांनाच नव्याने बांधावे लागले, आणि ते कुणाच्या नजरेने बांधले यावर त्या कथेचा कस ठरतो.

त्यासाठी सर्वांत उपयोगी पडल्या त्या नोकरांच्याच आठवणी. किचनमेड म्हणून राबलेल्या मार्गारेट पॉवेल यांचे ‘बिलो स्टेअर्स’ १९६८ मध्ये आले. एका घरात त्यांना बुटांच्या नाड्या काढून त्यांना इस्त्री करावी लागे. एकदा त्यांनी वर्तमानपत्र हातानेच मालकिणीपुढे धरले, तेव्हा कोणतीही वस्तू चांदीच्या तबकाशिवाय द्यायची नाही, अशी ताकीद मिळाली. हाताचा विटाळ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पॉवेल यांच्या पुस्तकानंतर १९७१ मध्ये ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ मालिका सुरू झाली आणि दोन्ही मजल्यांना सारखा वेळ देण्याचा पायंडा पडला. रॉबर्ट ऑल्टमन यांनी ‘गॉस्फर्ड पार्क’ (२००१) चित्रपटात त्याहून कडक नियम पाळला: नोकर हजर नसेल तिथे कॅमेरा जायचा नाही. १९३२ सालच्या त्या कथेत पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना त्यांच्या मालकांच्या नावाने हाक मारतात. त्याची पटकथा आणि ‘डाउन्टन’ या दोन्ही ज्युलियन फेलोज यांच्याच. पण मालिकेतला उमराव नोकरांच्या दुखण्याखुपण्यात इतके लक्ष घालतो की दाराची बनात जरा जास्तच मऊ वाटू लागते.

जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ (२०१३) कादंबरी असे करत नाही. तिच्यातले बेनेट कुटुंब काही उमराव नव्हे, साधे जमीनदार. जेन ऑस्टेनच्या मूळ कादंबरीत त्यांचे नोकर जेमतेम दिसतात. बेकर त्याच घरात धुण्याच्या दिवशी पहाटे शिरतात. बेनेटांची मुलगी एलिझाबेथ चिखलातून फिरून येते हे ऑस्टेनच्या वाचकाला तिच्या मोकळ्या स्वभावाचे लक्षण वाटते. इथे तो चिखल सारा नावाच्या मोलकरणीच्या थंडीने सुजून फुटलेल्या हातांखालून निघतो.

काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीला १९८९ चे बुकर मिळाले. तिच्यात दार बटलर स्टीव्हन्सच्या मनातच बसलेले आहे. मालकाच्या घरी भरलेल्या १९२३ च्या परिषदेत वडील वरच्या खोलीत मरतात आणि तो खाली पाहुण्यांना पोर्ट वाढत राहतो. मालक लॉर्ड डार्लिंग्टन दोन ज्यू मोलकरणींना काढायला सांगतात, तो काढतो. मालकाची चूक ही आपली नव्हे असे मानण्याची सवय त्याने आयुष्यभर घासूनपुसून चकचकीत ठेवली आहे.

१८९४ चा वारसा कर, पहिले महायुद्ध आणि कारखान्यांतल्या, दुकानांतल्या नोकऱ्या यांनी ही घरे पोकळ केली. ठरलेल्या वेळी सुटणारे काम मिळू लागल्यावर मुली पहाटे शेगड्या घासायला येईनाशा झाल्या. इशिगुरोंची कथा १९५६ मध्ये घडते तोवर डार्लिंग्टन हॉल एका अमेरिकन माणसाने विकत घेतलेला आहे, घराबरोबर बटलरसुद्धा. आणि स्टीव्हन्स त्या अवाढव्य घराचे काम चार माणसांत कसे भागवायचे, याचा तक्ता बनवत बसलेला आहे.