प्रौढ रसिकाचा अपराध

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. राज्य सरकारने त्यास करमणूक कर माफ केला आणि त्या माफीविरुद्ध प्रकरण न्यायालयात गेले. तो वाद रास्तच होता. परंतु अशा कार्यक्रमास जाणाऱ्या प्रौढ माणसाची जी टवाळी आपल्याकडे होते, तिचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

'थ्रिलर' ही त्याची ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली. तेव्हाचा सोळा वर्षांचा मुलगा १९९६ मध्ये तिशीचा संसारी गृहस्थ झाला होता. मैदानाच्या टोकावरून गायक बोटाएवढा दिसतो. गाणे तर घरच्या ध्वनिफितीवर अधिक स्पष्ट ऐकू येते. तरीही हा गृहस्थ जातो. कारण, इतकी वर्षे आपल्या एकट्याचे वाटलेले गाणे शेजारच्या अनोळखी माणसालाही पाठ आहे, ही प्रचीती घरी बसून येत नाही.

यात पोरकटपणा कोणता? ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले. त्या प्रयोगास लोटलेल्या जाणत्या माणसांच्या वेडास आपण आजही रसिकता म्हणून गौरवितो. मग परभाषेतील गायकावर जीव लावणाऱ्या कारकुनाच्या वाट्यास उपहास का यावा?

करमाफीचा जाब सरकारला अवश्य विचारावा. स्वकष्टाच्या पैशाने तिकीट काढणाऱ्याकडे मात्र त्याच्या आनंदाचा हिशेब कोणी मागू नये.