खोडवा की नवी लागण?

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात श्रीपूर हे गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना याच गावचा, आणि पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. साहजिकच येथील शाळकरी मुलालासुद्धा उसाची भाषा पाठ असते. ऊस तुटून गेला की बापलेकांत एक चर्चा होते: खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची?

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या जुन्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक. यात बेण्याचा आणि मशागतीचा खर्च वाचतो आणि पीकही लवकर तयार होते. मात्र जुन्या पिकातली काणी आणि गवताळ वाढ हे रोग त्याच मुळांतून पुढे येतात. मध्येमध्ये नांग्या पडतात. खोडव्यानंतर निडवा घेतला तर उतारा बहुधा आणखी घटतो. अखेर एक दिवस सगळी खोडकी उपटून, रान नांगरून, निरोगी बेणे आणून नवी लागण करावीच लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात संगणकावरचा लेख सोडून हे उसाचे काय चालले आहे? पण संगणकाच्या बाबतीतही हाच प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, बदलण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या प्रणालीवरच नवी चढवली तर तो खोडवा. जुन्या फायली, जुन्या खोडी आणि क्वचित जुने व्हायरसही तिच्याबरोबर पुढे येतात. चकती पुसून कोऱ्या जागेवर प्रणाली बसवली तर ती नवी लागण, आणि तिलाच इंग्रजीत क्लीन इन्स्टॉलेशन म्हणतात.

हा प्रश्न आज अनेक शाळांच्या दाराशी आला आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मर्यादित मुदतवाढीच्या काही योजना आहेत, पण त्या कायमच्या नव्हेत. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. संगणक कक्षातली आठ-दहा वर्षांपूर्वीची यंत्रे या चाळणीतून बहुधा खाली पडतात. ती भंगारात घालणे मला तरी पटत नाही. त्यांवर लिनक्सवर आधारलेली एखादी प्रणाली नव्याने बसवता येते. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली त्यांपैकीच एक. ती २००७ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्यात मराठीतूनही काम करता येते.

पण कार्यप्रणाली म्हणजे नेमके काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली पूर्ण झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. त्या पिढीच्या यंत्रांवर आजच्यासारखी कार्यप्रणाली नसे. एकाचे गणित सुटले की दुसऱ्याने आपली छिद्रांची पट्टी लावायची, असा प्रकार. आज तुमच्या संगणकावर एकाच वेळी चित्र, गाणे आणि मजकूर उघडे असतात. कोणाला किती स्मृती द्यायची, प्रोसेसरपुढे कोणाची पाळी कधी लावायची, चकतीवर कोणती फाईल कोठे ठेवायची, हे ठरवणारी आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. कालव्याचे पाणी पाळीपाळीने सोडणारा पाटकरी डोळ्यांसमोर आणा.

आता एक कोडे. कार्यप्रणाली चकतीवर असते. चकती पूर्ण कोरी केली, तर संगणक सुरू कसा होतो, आणि नवी प्रणाली बसवण्याचे काम करतो तरी कोण?

उत्तर मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये आहे. तिच्यात एक छोटी आज्ञावली कायमची ठेवलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. चकती पुसली तरी या चिपला धक्का लागत नाही. बटण दाबताच प्रोसेसर प्रथम तिच्याकडे जातो. ती स्मृती, कळफलक आणि चकत्या यांची हजेरी घेते आणि मग पुढची आज्ञावली शोधू लागते. जुन्या पद्धतीत ती चकतीचा अगदी पहिला तुकडा वाचते. हा तुकडा अवघा ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांना, ६४ बाइट चकतीच्या वाटण्यांच्या नोंदीला आणि शेवटचे २ ओळखखुणेला. एका वाटणीच्या नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणजे जुन्या पद्धतीत मुख्य वाटण्या चारच का होत, हे तुम्हीच भागाकार करून पाहा!

नवी लागण करताना आपण या चिपला सांगतो की, चकतीकडे जाऊ नकोस, पेनड्राइव्हकडे जा. त्यासाठी यंत्र सुरू होताना एफ२, एफ१२ किंवा एस्केप अशी एखादी कळ दाबावी लागते. कोणती, ते बनावटीप्रमाणे बदलते. पेनड्राइव्हवरची तात्पुरती प्रणाली संगणकाच्या स्मृतीत चढते आणि तेथून काम करू लागते. चालू असलेली प्रणाली स्वतःची चकती पुसू शकत नाही, कारण बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवता येत नाही. त्यासाठी बाहेरून दुसरे कोणी यावे लागते.

बेणे शुद्ध हवे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रणालीचेही तसेच. ती मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. उतरवताना तुटली नाही ना, कोणी मध्ये भेसळ केली नाही ना, हे पाहण्याची एक सुंदर गणिती युक्ती आहे. संपूर्ण फाईल एका सूत्रातून काढली की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. या सूत्राला एसएचए-२५६ म्हणतात. फाईल काही जीबींची असली तरी ओळ ६४ चिन्हांचीच, आणि फाईलमधला एक बिट बदलला तरी जवळजवळ सगळी ओळ बदलते. निर्मात्याने जाहीर केलेली ओळ आणि आपण काढलेली ओळ तंतोतंत जुळली, तरच ते बेणे रानात न्यावे. विंडोज आणि लिनक्स दोहोंतही ही ओळ काढण्याची सोय असते.

पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामा आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठा घ्यावा. मग प्रणाली बसवणारी आज्ञावली विचारते, कोणत्या चकतीवर? येथे घाई नको. ५०० जीबीची चकती पडद्यावर ४६५ जीबी अशी दिसते आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज २ चा ३० वा घात धरते, एवढाच तो फरक. आकारावरून चकती ओळखता येते. दुसरी चकती जोडलेली असेल तर वीज बंद करून तिची तार काढून ठेवलेली उत्तम. आणि हो, वीज! लागण अर्धवट असताना दिवे गेले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून यूपीएस नसलेल्या संगणकाला या कामासाठी मी हात लावत नाही.

फॉरमॅट केल्यावर जुन्या फायलींचे काय होते? झटपट फॉरमॅटमध्ये प्रत्यक्ष माहिती बहुधा पुसलीच जात नाही. कोणती फाईल चकतीवर कोठे आहे याची सूची तेवढी कोरी होते. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतात उभे पीक नाहीसे होत नाही, तसे. मात्र त्या जागा आता ‘रिकाम्या’ ठरतात आणि नवी प्रणाली त्यांवर आपले सामान मांडू लागते. म्हणूनच चुकून भलती चकती फॉरमॅट झाली, तर तो संगणक तत्काळ बंद करावा. जितके कमी लिहिले जाईल तितके जुने परत मिळण्याचा संभव अधिक. आधुनिक एसएसडीत मात्र रिकामे ठरलेले कप्पे आतल्या आत लवकर साफ होतात, तेव्हा तेथे फार आशा ठेवू नये.

यावरून खरी तयारी नांगर घालण्यापूर्वीची, हे ध्यानात येईल. जे ठेवायचे ते आधी बाहेर काढले पाहिजे. पुष्कळांना वाटते, डेस्कटॉपवरच्या फायली समोरच तर दिसतात, त्या कशाला जातील? पण डेस्कटॉप हासुद्धा एक फोल्डरच, आणि तो सहसा सी ड्राइव्हमध्येच असतो. सी पुसला की तोही गेला.

इतके सगळे ठाऊक असूनही माझ्या हातून एकदा चूक घडली. एका शाळेतल्या जुन्या संगणकावर मराठीच्या बाईंनी पंधरा-वीस वर्षांत तयार केलेल्या प्रश्नपत्रिका होत्या. मी त्या सगळ्या बाहेरच्या चकतीवर उतरवल्या, फायली मोजून घेतल्या, दोन-चार इंग्रजी फायली उघडूनही पाहिल्या आणि नवी लागण केली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “सर, फायली सगळ्या आहेत, पण मराठीचं काहीतरी भलतंच झालंय.” उघडून पाहतो तो ओळीच्या ओळी निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या!

फायली शाबूत होत्या. गेला होता तो फाँट. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी टंकलेखनात एक तडजोड असे. फाईलमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरे, आणि फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे काढून ठेवायची. कृतिदेव फाँटमध्ये ‘राम’ लिहिले की फाईलमध्ये जातात जे, के, ई ही तीन अक्षरे, म्हणजे १०६, १०७, १०१ हे तीन क्रमांक. फाँट हजर असेतो पडद्यावर राम दिसतो. फाँट विंडोजच्याच एका फोल्डरमध्ये राहतो, आणि तो फोल्डर मी नांगराखाली घातला होता. युनिकोडमध्ये असे होत नाही. तेथे र, काना आणि म यांना २३५२, २३६६ आणि २३५० असे त्यांचे स्वतःचे क्रमांक आहेत. फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, पण र चा जे होणार नाही.

सुदैवाने त्या कक्षातले सगळेच संगणक मी एका दिवसात हाती घेतले नव्हते. कोपऱ्यातल्या एका यंत्राला अजून हात लागला नव्हता. त्याच्या फाँटांच्या फोल्डरमध्ये तो फाँट सापडला. पेनड्राइव्हवर घेऊन नव्या प्रणालीत बसवला आणि पहिली प्रश्नपत्रिका पुन्हा उघडली. ‘प्रश्न १ ला : संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ ही ओळ वाचता आली, तेव्हा बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पुढचे दोन आठवडे मधल्या सुट्टीत नववीची दोन मुले एकेक फाईल युनिकोडमध्ये बदलत होती. रूपांतर करणारी आज्ञावली कोठेकोठे वेलांटी आणि रफार चुकवत होती, आणि बाई त्या लाल शाईने तपासून देत होत्या.