‘क्रेडिट’ म्हणजे जमा की उधार?

बँकेचा मेसेज येतो, ‘500 रुपये क्रेडिट’. म्हणजे पैसे खात्यात जमा झाले, ते तुमचे. पण ॲपवर ‘क्रेडिट लिमिट 50,000’ दिसलं, तर ती उधारी. वापरली की फेडायची, मुदत चुकली तर व्याजासकट.

तिसरा अर्थ श्रेय. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली. पण गाण्यांचं क्रेडिट बहिणाबाईंचंच.

मग ओळखायचं कसं? मी जोडीचा शब्द बघतो. खातं किंवा अकाउंट असेल तर जमा. कार्ड, लिमिट, लाइन असेल तर उधारी.

आणि एक लक्षात ठेवा: पैसे क्रेडिट व्हायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.