रस्ता दुप्पट रुंद झाला म्हणून दुकान दुप्पट चालते काय?

नवा संगणक घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकास हल्ली एक गोष्ट हमखास सांगण्यात येते: ‘या मदरबोर्डाची बस दुप्पट वेगाची आहे, तुमचे ग्राफिक्स कार्ड यावर अधिक जोमाने चालेल.’ वेगासाठी अधिक दाम मोजावयाचे, तर त्याचा मोबदला किती, हे पाहणे व्यापाऱ्यास उचितच होय.

बस म्हणजे प्रोसेसर व कार्ड यांमधील माल वाहण्याचा रस्ता. पीसीआय एक्सप्रेस नावाच्या या रस्त्याच्या सोळा मार्गिकांवरून, २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, एका दिशेने सेकंदास ८ गिगाबाइट माल जात असे. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो सुमारे १६, २०१७ च्या चौथीत ३२ आणि २०१९ च्या पाचवीत ६४ झाला.

परंतु कार्डाजवळ स्वतःची वखार असते. २०२२ साली निघालेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डावर २४ गिगाबाइट स्मृती असून तिच्यातून सेकंदास सुमारे एक हजार गिगाबाइटांची उचल होते. म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या रस्त्याच्या तीसपटीहून अधिक. चित्रांचा माल एकदा वखारीत भरला, की पुढील उलाढाल आतल्या आत चालते. रस्त्यावरून येतात त्या मुख्यतः वर्द्या. म्हणूनच हे कार्ड तिसऱ्या आवृत्तीच्या मदरबोर्डावर चालवून पाहिले असता खेळांतील घट सरासरीने शेकडा दोन-तीनच आढळली.

वखार लहान असेल तर मात्र हिशेब पालटतो. त्याच वर्षीच्या आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डास स्मृती अवघी ४ गिगाबाइट आणि मार्गिका चारच. खेळाचा माल वखारीत मावेनासा झाला, की तो संगणकाच्या मुख्य स्मृतीतून वारंवार आणावा लागतो. तिसऱ्या आवृत्तीच्या मदरबोर्डावर हा रस्ता निम्म्याने अरुंद होतो आणि कार्ड ठळकपणे मंदावते. विशेष हे, की जुन्या मदरबोर्डावर स्वस्त कार्ड बसवून काटकसर करू पाहणाऱ्यासच ही तोशीस अधिक लागते.

तेव्हा खरेदीच्या वेळी प्रथम कार्डाची स्मृती पाहावी, नंतर मार्गिका मोजाव्या आणि बसची आवृत्ती शेवटी विचारावी. नवे कार्ड जुन्या आवृत्तीच्या खाचेतही चालते. सोळा मार्गिका व पुरेशी स्मृती असल्यास केवळ बसपायी सुस्थितीतील मदरबोर्ड मोडीत काढण्याचे कारण नाही. तो पैसा अधिक स्मृतीच्या कार्डात घातल्यास सत्कारणी लागेल.