दुकानदाराचे वाढते पोट : हिशोब कुठे चुकतो?

१९५६ साली कलकत्त्याजवळच्या एका ताग गिरणीतील २१३ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. हार्वर्ड विद्यापीठाचे आहारतज्ज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली होती. गिरणीत पाठीवरून गासड्या वाहणारे होते, यंत्रावर उभे राहणारे होते, कारकून होते, मुकादम होते. आणि दिवसभर आपल्या ठेल्यावर बसून राहणारे दुकानदारही होते. कोण किती खातो आणि कोणाचे वजन किती, हे तपासले तेव्हा सर्वांत वजनदार निघाले ते दुकानदार. ओझे वाहणारे भरपूर खात होते, पण खाल्लेले खर्ची पडत होते. हलके काम करणारे त्यांच्यापेक्षा कमी खात होते. जागचा न हलणारा दुकानदार मात्र हलके काम करणाऱ्यापेक्षा जास्त, जवळजवळ ओझे वाहणाऱ्याइतके खात होता. बैठकीच्या माणसाची भूक त्याच्या कामाच्या मापात राहत नाही, असा याचा अर्थ.

त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या नोकरांचा अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. पगार, वस्ती, खाणेपिणे बरेचसे सारखे. तरी हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला, हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. पुढे मॉरिस यांनी या नोकरांना शिवून दिलेल्या गणवेशांची मापे काढली, तर त्याच वयाच्या कंडक्टरपेक्षा ड्रायव्हरच्या पँटचा कमरपट्टा मोठा. आमच्या शिंपीकाम करणाऱ्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. गिऱ्हाइकाची प्रकृती कुठल्या दिशेला चालली आहे हे डॉक्टरच्या आधी टेपला कळते.

आता आपल्याकडे पाहू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागधारक पूर्वी मागांमधून फिरत असे, वेळ पडली तर बीम उचलायला हात लावत असे. आता तो ऑफिसात बसून कॅमेऱ्यावर कारखाना पाहतो. तगाद्याला पायी जाणे संपले, पैसे फोनवर येतात. बँकेतली खेपही गेली. कारागिराचे म्हणाल तर जरीकाम करणारा, बॅगा शिवणारा, दागिने घडवणारा यांचे हात बारा-बारा तास चालतात आणि पाय बारा तास मांडी घालून असतात. हातांची दमणूक होते म्हणून अंगाला व्यायाम झाला असे वाटते. तसा तो झालेला नसतो.

वयाची चाळिशी आली की यात भर पडते. स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, आणि रक्तातली साखर वापरणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्नायूच असतो. त्यातून आपल्या भागातल्या माणसाची ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे ‘मी काही जाडा नाही, फक्त थोडे पोट आहे’ हे आपल्या बाजारात रोज ऐकू येणारे वाक्य दिलासा देणारे नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हाच आपल्याकडचा धोक्याचा नमुना आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज निघाला.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. नोकरदाराला आजारपणाची रजा असते, फंड असतो. आपला धंदा बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या अंगावर चालतो. उधारी कोणाकडे किती हे त्याच्याच डोक्यात, होलसेलवाल्याचा विश्वास त्याच्याच शब्दावर. असा माणूस पन्नाशीत हृदयविकाराने किंवा पायाच्या चिघळलेल्या जखमेने तीन महिने अंथरुणाला खिळला, की आधी मुद्दल दवाखान्यात जाते, मग मुलाचे कॉलेज सुटते आणि तो गल्ल्यावर येऊन बसतो. असे घर प्रत्येक मोहल्ल्यात दाखवता येईल. विमा दुकानाचा असतो, मालाचा असतो, दुकानदाराचा बहुधा नसतो.

तेव्हा हिशोबालाच बसू. सुरुवात चहापासून. गिऱ्हाईक आले, चहा. दलाल आला, चहा. कोणीच आले नाही, तरी कंटाळा आला म्हणून चहा. दिवसाचे आठ कप कोणालाही जड वाटत नाहीत. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. आठ कपांची ८० ग्रॅम. महिन्याची २ किलो ४०० ग्रॅम, वर्षाची २९ किलोंवर. म्हणजे साखरेचे अर्ध्याहून जास्त पोते एकट्या माणसाने चहातून उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती साधारण ५० ग्रॅमची आहे, आणि २५ वर आणता आली तर उत्तम. शिवाय चहाबरोबर येणारी खारी, नानखटाई, बनमस्का या हिशोबात धरलेलेच नाहीत. थंड पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली घेतली तर तीत सहा-सात चमचे साखर आणखी.

चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. बाजारात चहा सोडणे म्हणजे माणसे सोडणे. पण हॉटेलच्या पोऱ्याला एकदा नीट सांगून ठेवावे, की आमचा कप कमी साखरेचा आण. पंधरा दिवस एक चमचा, पुढचे पंधरा दिवस अर्धा. जिभेला सवय लागते. दोन महिन्यांनी पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. पाहुण्याला गोड चहा द्यावा, आपण निम्मा कप घ्यावा, मान राहतो. एवढ्या एका बदलाने दिवसाच्या सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी वाचतात, आणि त्यासाठी कोणत्याही डाएटचा कागद भिंतीवर चिकटवावा लागत नाही.

दुसरी गळती रात्रीच्या जेवणाची. दुकान साडेनऊ-दहाला मिटते, हिशोब होऊन घरी जाईपर्यंत अकरा वाजतात आणि दिवसभराचे राहिलेले जेवण एकदम वसूल केले जाते. मग लगेच झोप. दुपारचा डबा तीन-साडेतीनला गार झालेला अर्धा खाल्लेला असतो, म्हणून संध्याकाळी समोसे किंवा भजी मागवली जातात. एका मोठ्या समोशाने जे मिळते ते चालून खर्च करायचे तर पाऊण ते एक तास लागतो. नुसत्या चालण्याने वजन का उतरत नाही याचे उत्तर यातच आहे.

आमच्या ओळखीच्या होजिअरीच्या एका व्यापाऱ्याने एवढेच केले की दुपारचा डबा दीडला नेमाने उघडला आणि रात्रीचे जेवण आठला दुकानातच मागवून घेतले. घरी गेल्यावर फक्त दूध. पहिले काही दिवस घरातून नाराजी आली, ‘अब्बा आमच्याबरोबर जेवत नाहीत’ म्हणून. त्यावर शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचे ठरले. सहा महिन्यांत पाच किलो उतरले. हे सर्वांना जमेल असे नाही. पण दुकान दहाला मिटणार हे बदलत नसेल तर जेवण तरी दहाच्या आधी सरकवता येते.

ताटात काय असावे याचा फार बाऊ करू नये. भात आणि रोटी आज जितकी घेतो त्याच्या दोन तृतीयांश घ्यावी. डाळ, अंडी, मासे, चरबी काढलेले गोश्त, दही यांचे प्रमाण वाढवावे, कारण त्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. भाजी ही आपल्या घरात कित्येकदा गोश्तच्या सालनातल्या दोन बटाट्यांपुरती असते, ती वेगळी आणि भरपूर हवी. निहारीवरची तर्री काढून ठेवावी. तेलाचा अंदाज घरच्या डब्यावरून घ्यावा. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या वर जात असेल तर हात आखडता घ्यायला जागा आहे.

किती उतरवायचे? इथे आमच्या लोकांना घाई होते. ऐंशी किलोच्या माणसाने सहा महिन्यांत चार ते साडेपाच किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसतो. महिन्याला एक किलोसुद्धा नाही! उपाशी राहून एका महिन्यात आठ किलो घालवणाऱ्याचे शरीर दुष्काळ पडला असे समजते. भूक वाढवते, खर्च कमी करते. शिवाय गेलेल्या आठ किलोंत स्नायूही गेलेले असतात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी. व्याज चढलेल्या कर्जासारखी ही गोष्ट आहे.

काटा हलला नाही म्हणून मेहनत वाया गेली असेही समजू नये. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षांचा प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांतील शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी रोजचे चालणे आणि खाण्यातली शिस्त पाळली त्यांतील ३९ जणांना. गंमत अशी, की या लोकांचे वजन जवळजवळ तेवढेच राहिले होते.

चालण्याला वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. सकाळी सहाला बागेत जाणारा माणूस वेगळा, रात्री एकला झोपणारा दुकानदार वेगळा. पण आठवड्याला दीडशे मिनिटे एकत्रच हवीत असे कोणी सांगितलेले नाही. दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे, जेवणानंतर दहा, दुकान मिटल्यावर दहा. जेवणानंतरची दहा मिनिटे विशेष मोलाची, कारण नेमकी तेव्हाच साखर चढत असते. शेजारच्या गल्लीतले काम स्कूटर न काढता करावे. कारागिरांनी तासाला एकदा उठून उभे राहावे. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून दहा-पंधरा उठबशा आणि भिंतीला हात टेकून दंड काढले तर स्नायूंचेही काम होते; तालमीत जायची गरज नाही.

रमजानविषयी एक सांगणे भाग आहे. महिनाभराच्या रोज्यांनी वजन आपोआप उतरते हा समज अर्धाच खरा. अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की किलो-दीड किलो उतरते आणि ईदनंतर चार-पाच आठवड्यांत परत येते. इफ्तारला तळण आणि सरबत, मग पुन्हा रात्री बिर्याणी, असे झाले तर उतरणेही नाही. खजूर, पाणी, फळे आणि मग साधे जेवण एवढ्यावर थांबले तर याच महिन्यात चांगल्या सवयी बसतात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून मात्रा व वेळा बदलून घ्याव्यात.

पोट कमी करणारे पट्टे, पावडरी, काढे यांवर आपले लोक बराच पैसा घालवतात. पट्ट्याने जाते ते घामाचे पाणी. काही तथाकथित वनौषधींत सिब्युट्रामिन हे औषध मिसळलेले सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून २०११ साली भारतात त्याच्या विक्रीवर बंदी आली. २०२५ साली आपल्याकडे आलेली वजन उतरवणारी नवी इंजेक्शने ही खरी औषधे आहेत आणि काहींना ती लागतातही, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावीत. थांबवली की बरेचसे वजन परत येते हेही आधीच माहीत असावे.

या साऱ्यात घरातल्या बायकांचा विषय मागे पडतो. घरी बसून शिवण, जरदोजी करणाऱ्या आमच्या भगिनी सर्वांत शेवटी जेवतात आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवतात. त्यांना चालायला रस्ता नसेल तर गच्ची आहे. डबा बदलायचा तर तो त्यांच्याच हातून बदलणार, तेव्हा नियम फक्त शेठसाठी वेगळा शिजवण्याचा नसावा, घरभर एकच असावा.

मोजायचे कसे? टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत. स्त्रीला ८०, म्हणजे साडेएकतीसच्या आत. पँटचा नंबर धरू नये, ती पोटाच्या खाली नेसलेली असते. पायजम्याची नाडी तर कोणतेही पोट सामावून घेते. महिन्याच्या पहिल्या तारखेला हे माप रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासावी. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा वर पुन्हा तपासणी आणि डॉक्टर. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर तेच. गोळ्या चालू असतील त्यांनी वजन उतरू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पण साखर खूप खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर असे होऊ लागले तर चटकन काही गोड खावे आणि मात्रा कमी करायची का हे डॉक्टरांना विचारावे. जाताना मागचे पान लिहिलेली ती वही बरोबर न्यावी.