केलीचें रान

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरांत पॅरामट्टा नदीच्या कांठीं हंटर्स हिल नांवाचें एक उपनगर आहे. तेथें सुमारें 12 एकरांचा जो रानाचा तुकडा उरला आहे, त्यास 'केलीचें रान' म्हणतात. हा बगीचा नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. बगीचा मनुष्य लावितो. येथील निलगिरीच्या जातीचीं झाडें व झुडपें खडकाळ भूमींत आपोआप वाढलेलीं आहेत. 1892 सालीं केली नामक गृहस्थानें ही जागा घेऊन नदीलगत धातु वितळविण्याचा कारखाना चालविला, व कारखाना आणि वस्ती यांच्यामध्यें हें रान तसेंच राहूं दिलें. धूर ओकणाऱ्या भट्ट्यांमुळें झाडें वांचावीं, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

1967 सालीं कारखाना तेथून हलला. पुढें जेनिंग्ज नांवाच्या कंपनीनें त्या जागेवर 25 उंची घरें बांधण्याचा बेत केला. तेव्हां, 1970 सालच्या सप्टेंबरांत, त्या उपनगरांतील 13 स्त्रियांनीं एक मंडळ स्थापिलें. बहुतेक जणी घरसंसार पाहणाऱ्या. राजकारणाचा सराव कोणास फारसा नव्हता. त्यांनीं पत्रें लिहिलीं, अर्ज केले, अधिकारी व मंत्री यांच्या भेटी घेतल्या. उपयोग झाला नाहीं. 1971 सालीं सरकारनें जागेवर घरबांधणीस मोकळीक दिली.

सगळीं दारें बंद झाल्यावर या स्त्रिया मजुरांच्या संघाकडे गेल्या. हें पाऊल सोपें नव्हतें. हंटर्स हिल ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांची वस्ती, आणि बांधकाम-मजूर संघाचे चिटणीस जॅक मंडी हे कम्युनिस्ट पक्षाचे! सधनांचें रान मजुरांनीं कां राखावें, असा प्रश्न संघांतही निघाला. मंडी यांचें म्हणणें असें कीं, मजुरी वाढवून घेतली, पण राहावयास झाडांवांचूनचें शहर उरलें, तर त्या मजुरीचें सुख तें काय? तथापि संघानें एक अट घातली. रहिवाशांची सभा भरवून त्यांची इच्छा उघड दाखवावी. सभेस सुमारें 600 लोक जमले व त्यांनीं संघाचें साहाय्य मागितलें.

मग संघानें त्या जागेवर बहिष्कार पुकारला. त्याची युक्ति साधी आहे. पाया खणणें, परांची उभारणें, काँक्रीट ओतणें हीं कामें ज्यांच्या हातीं, त्यांनीं हात आखडले म्हणजे धनिकाची योजना कागदावरच राहते. कंपनीनें संघाबाहेरचे मजूर आणण्याची भाषा केली. तेव्हां तिच्याच दुसऱ्या एका अर्धवट इमारतीवरील मजुरांनीं निरोप धाडला कीं, केलीच्या रानांतील एका झाडास जरी हात लागला, तरी ही इमारत कायमची अपुरी राहील. आपल्या पोटावर पाय येईल हें ठाऊक असून त्यांनीं तसें कळविलें, ही गोष्ट मला या साऱ्या हकिगतींत सर्वांत थोर वाटते.

मजुरीसाठीं पुकारलेल्या बहिष्कारास तिकडे 'काळा बहिष्कार' म्हणत. 1973 सालीं मंडी यांनीं या नव्या प्रकारास 'हिरवा बहिष्कार' हें नांव दिलें. पुढें असे चाळिसांहून अधिक बहिष्कार झाले, आणि जुन्या वस्त्या व उद्यानें त्यांनीं वांचलीं. किंमतही द्यावी लागली: 1975 सालीं देशव्यापी संघटनेच्या पुढाऱ्यांनीं मंडी व त्यांच्या सोबत्यांस संघाबाहेर घालविलें.

रानाचा निकाल लागावयास मात्र 1983 साल उजाडलें. त्या वर्षीं सरकारनें तें विकत घेऊन लोकांसाठीं खुलें केलें. एवढ्यानें राखणीचें काम संपत नाहीं. आपल्या डोंगरांवर माजणारी घाणेरी सिडनीकडील रानांतही शिरली आहे. ती देशी झाडांच्या रोपट्यांस वर येऊं देत नाहीं, म्हणून गांवोगांवचे स्वयंसेवक सुटीच्या दिवशीं जाऊन ती मुळासकट उपटीत असतात.