कावेरीकाठचे सोनखत

तंजावर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कर्ता पुरुष भिंतीवरच्या फोटोतच असतो. तो स्वतः असतो दुबईत, कतारमध्ये, सौदीत, नाहीतर सिंगापुरात. महिन्याला पैसे येतात, कौले जाऊन स्लॅब पडतो, आणि नव्या घराबरोबर दारात पहिल्यांदा संडास येतो. टाइल्स लावलेला, साखळी ओढली की लखलखीत होणारा. घरच्या बायकांना पहाटेच्या अंधारात बांधावर जावे लागत नाही, ही गोष्ट काही लहान नव्हे.

पण खाली जे साठते त्याचे काय, हा प्रश्न तिकडे वाळवंटातल्या छावणीत राहणाऱ्या नवऱ्यालाही सुटलेला नसतो आणि इकडे भाताच्या खाचरांमध्ये राहणाऱ्या बायकोलाही. एकाकडे पाण्याचा थेंब नाही आणि दुसरीकडे जमिनीखाली हातभरावर पाणी. अडचण मात्र एकाच जातीची.

वाळवंटातली कामगार छावणी म्हणजे ओसाडीवर उभारलेले तात्पुरते गावच. तिथे गटार नसते. समजा, ५०० माणसे आहेत आणि माणशी दिवसाला १०० लिटर पाणी लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर रोज आत यायला हवेत. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा इंजिनियर लोकांचा हिशेब आहे. तेव्हा मैल्याचे चार टँकर रोज बाहेर जायला हवेत. पाणी आणण्याचे भाडे, तेच पाणी घाण करून परत पाठवण्याचे भाडे! आणि पाठवायचे कुठे? २००८ साली दुबईसारख्या श्रीमंत शहरात मैला शुद्ध करणारे केंद्र अपुरे पडले. टँकरवाल्यांना तासन् तास रांगेत उभे राहावे लागे. कंटाळलेल्या काही जणांनी पावसाळी नाल्यांमध्ये टँकर रिकामे केले आणि ती घाण जुमेराच्या किनाऱ्यावर समुद्रात आली. दूरवरच्या छावणीत तर कोणी बघायलाही नसते. म्हणूनच मैल्याची व्यवस्था छावणीच्या आवारातच लावावी, सांडपाणी तिथेच शुद्ध करून झाडांना किंवा धूळ बसवायला वापरावे, असा शहाणपणाचा मार्ग सांगितला जातो.

आता तंजावरकडे येऊ. तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो, झालेच तर सांबाराची दंतकथा. १६७६ च्या सुमारास सुरू झालेले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, पण मराठी बोलणारी घरे तिथे अजून आहेत. या मुलखाचे खरे वैभव मात्र राजवाड्यात नाही, मातीत आहे. कल्लणै बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी वेण्णार आणि इतर फाट्यांनी गावोगाव खेळते. भात इथे गुडघाभर पाण्यात उभा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येचा मॉन्सून कोसळला की खालच्या भागात विहिरीचे पाणी काठाला येऊन टेकते.

अशा जमिनीत शोषखड्डा खणायचा म्हणजे पाण्यातच खणायचा. कोरड्या, उंच जमिनीत खड्ड्यातले पाणी झिरपत जाते आणि वाटेत माती ते गाळते. इथे गाळायला कोरडी माती शिल्लकच नसते. मैल्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांची थेट गाठ पडते. सेप्टिक टँकचे नावही अनेकदा फसवेच. पुष्कळ ठिकाणी तळ न बांधलेली चार भिंतींची टाकी, नाहीतर एकावर एक रचलेल्या सिमेंटच्या कड्या, एवढेच ते प्रकरण असते. ती ‘कधी भरतच नाही’ याचे घरमालकाला कौतुक वाटते. ती भरत का नाही, याचे उत्तर त्याच्या विहिरीत असते.

या कोड्याचे एक उत्तर कावेरीच्याच काठावर सापडले. तंजावरहून तिरुचिरापल्ली ओलांडून नदीच्या वरच्या अंगाला गेले की मुसिरी लागते. तिथे एम. सुब्बुरामन यांच्या ‘स्कोप’ या संस्थेने २००० नंतरच्या वर्षांत एका वेगळ्याच संडासाचा प्रसार केला. खड्डा न खणता जमिनीच्या वर दोन बंद कोठ्या बांधायच्या आणि चार पायऱ्या चढून वर बसायचे. भांड्याचे भाग वेगळे: मैला सरळ खाली कोठीत पडतो, लघवी पुढच्या नळीने डब्यात जाते आणि धुण्याचे पाणी तिसऱ्या वाटेने बाहेरच्या कर्दळीच्या वाफ्यात. या तिसऱ्या वाटेला फार महत्त्व आहे. परदेशातले मूळ नमुने कागद वापरणाऱ्यांसाठी होते. आपल्याकडे पाण्यावाचून कोणाचे चालणार?

प्रत्येक वेळी वरून मूठ-दोन मुठी राख टाकायची. राख ओल शोषते, वास मारते आणि माशांना थारा देत नाही. एक कोठी भरली की ती बंद करून दुसरी उघडायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतल्या मालाला निदान सहा महिने ते वर्ष मिळते. तेवढ्या काळात कोरडेपणाने आणि राखेच्या अल्कधर्मी गुणाने बहुतेक रोगजंतू मरतात आणि हाती येते भुसभुशीत, बिनवासाचे खत. कोकणात आणि देशावर आपण ज्याला सोनखत म्हणत आलो, तेच हे.

मुसिरीच्या साळियर वस्तीत, म्हणजे आपल्याकडच्या साळ्यांसारख्या विणकरांच्या वस्तीत, २००६ च्या सुमारास असा सार्वजनिक संडास उभा राहिला. पुढे तिथे एक नवल घडले. इतर ठिकाणी आत जायला पैसे पडतात, इथे संस्था वापरणाऱ्यालाच पैसे देऊ लागली! रक्कम अगदीच किरकोळ, महिन्याकाठी फार तर पाचेक रुपये. पण २००८ मध्ये ही बातमी परदेशी वृत्तसंस्थांनी जगभर नेली. चेष्टा झाली तशी चौकशीही झाली. पैसे देण्यामागचा हिशेब साधा होता. एक प्रौढ माणूस वर्षाला सुमारे ५०० लिटर लघवी करतो आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा बहुतेक भाग तिच्यातच असतो. केळीसारखे खादाड पीक त्याच्यावर पोसते. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने त्याचे प्रयोगही केले. सुब्बुरामन यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मराठी माणसाला यात अपरिचित असे काही वाटू नये. कणकवलीला गोपुरी आश्रम काढणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारा ‘गोपुरी संडास’ सिद्ध केला होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी सत्याग्रह केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला. तुकोबांच्या देहूत १९५९ साली सरकारी डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी अप्पांचेच मार्गदर्शन घेतले, संडासाला गोबरगॅस जोडला आणि उभा जन्म त्या कामात घालवला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, मृत्यूनंतर.

हे सगळे इतके चांगले आहे, तर गावोगाव का नाही? इथे मात्र गोष्ट अवघड होते.

पहिली अडचण नावाची. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ मध्ये जो कायदा झाला, त्याने ‘कोरडे संडास’ बांधायलाच बंदी केली. तो कायदा टोपलीच्या संडासांसाठी होता, आणि तो हवाच होता. पण मुसिरीचा संडासही पाणी न ओतण्याचाच. तेव्हा हा तो नव्हे, इथे ओला मैला कोणी हाताळत नाही, हे वारंवार समजावून सांगावे लागते. ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांवर हे काम लादले गेले, त्या समाजातला माणूस ‘खत काढायचे कोणी?’ असे विचारतो तेव्हा त्याला चिकित्सा म्हणावे, अडाणीपणा नव्हे. ज्याच्या घरची कोठी, त्यानेच ती उपसायची, एवढे मान्य झाले तरच या योजनेला अर्थ आहे. फ्लशवाल्यांनी मात्र यावर नाक मुरडू नये. त्यांच्या टाक्या उपसताना विषारी वायूने माणसे गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय कोणाला टाकीत उतरवायला मनाई केली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.

दुसरी अडचण रोजच्या वापराची. पाहुणा येतो आणि सवयीने कोठीत बादलीभर पाणी ओततो. मग वास सुटतो, अळ्या होतात, आणि दोष संडासाला मिळतो. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. देशात अनेक ठिकाणी असे संडास बांधले गेले आणि पुढे त्यांत सरपण व शेणी भरून ठेवल्या गेल्या. शिवाय स्वयंपाकघरात गॅस आला, चूल विझली आणि राखच संपली!

तंजावरात त्यावर तोड आहे. भाताचा हा मुलूख, त्यामुळे उकड्या तांदळाच्या गिरण्या पुष्कळ. त्यांच्या भट्ट्यांत तूस जळते आणि राखेचे ढीग लागतात. ती राख कुठे टाकावी, ही गिरणीवाल्यांची डोकेदुखी. भाताच्या पोत्यांबरोबर परतीच्या बैलगाडीत किंवा टेंपोत दोन पोती राख आली, तर एका घराची बेगमी सहज होते.

घरात फ्लशचाच संडास असेल आणि तो मोडायचा नसेल, तरी हाती काही आहे. टाकीला पक्का तळ असावा, तिच्यात निदान दोन कप्पे असावेत, विहीर आणि टाकी यांत जागा मिळेल तेवढे अंतर ठेवावे, आणि दोन-तीन वर्षांनी पंपाच्या गाडीने ती उपसून घ्यावी. गाडीवाल्याला ‘नेऊन कुठे ओतणार?’ हे विचारून घ्यावे. तमिळनाडूत करुंगुळीला २०१७ मध्ये टाकीतला गाळ सुकवून शुद्ध करणारे राज्यातले पहिले वेगळे केंद्र निघाले. तशी केंद्रे जिथे जवळ नाहीत, तिथे गाडी कालव्याच्या कडेला रिकामी व्हायची धास्ती असते, आणि कालव्याचे पाणी पुन्हा खाचरातच येते.

रजेवर घरी आलेला माणूस नव्या बांधकामाचे मोजमाप घेतो तेव्हा बहुधा बैठकीची खोली किती मोठी, हेच बघतो. छावणीत रोज पहाटे मैल्याच्या टँकरची घरघर ऐकत उठणाऱ्याने गवंड्याला टाकीचा तळ आणि विहिरीपासूनचे अंतर विचारायला हरकत नाही. स्लॅब पडण्याआधी ते काम चार दिवसांचे असते.